नव्या गाण्यांना जुना साज : व्हिंटेज कव्हर कसे घडते आणि कसे ऐकावे

२०१३ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील एका घराच्या दिवाणखान्यात चित्रित केलेली एक ध्वनिचित्रफीत यूट्यूबवर आली आणि पहिल्याच आठवड्यात ती दहा लाखांहून अधिक वेळा पाहिली गेली. गाणे होते मॅकलमोर आणि रायन लुईस या जोडीचे ‘थ्रिफ्ट शॉप’, म्हणजे त्या काळात अमेरिकेत जिकडेतिकडे वाजत असलेले रॅप. या चित्रफितीत मात्र संगणकावर बांधलेला ठेका कोठेच नव्हता. स्कॉट ब्रॅडली हा पियानोवादक आणि त्याचे साथीदार जुन्या जॅझचा ठेका धरून वाजवत होते आणि रॉबिन अ‍ॅडेल अँडरसन ही गायिका मूळचेच शब्द त्यावर गात होती. आजोबांचे जुने कपडे घालून तोरा मिरवणारे हे गाणे आजोबांच्याच काळातील संगीतात बसवण्यातला खट्याळपणा लोकांना भावला (हिशेब केला तर तो काळ पणजोबांचा निघतो, पण ते असो) आणि ‘पोस्टमॉडर्न ज्यूकबॉक्स’ हे ब्रॅडलीच्या समूहाचे नाव पाहता पाहता जगभर पोहोचले.

अलीकडचे लोकप्रिय गाणे घ्यायचे, त्याचे शब्द आणि चाल शक्य तितकी तशीच ठेवायची, आणि ठेका, स्वरसंगती, वाद्यमेळ व गाण्याची ढब मात्र साठ, ऐंशी किंवा शंभर वर्षांपूर्वीची आणायची, असा हा ‘व्हिंटेज कव्हर’चा प्रकार आहे. कव्हर म्हणजे एकाचे गाणे दुसऱ्याने नव्याने गाऊन-वाजवून सादर करणे. ऐकताना तो गमतीचा वाटतो आणि पुष्कळदा तेवढाच असतो. तरीही लोकप्रिय गाण्यातील कोणता भाग खुद्द गाण्याचा आणि कोणता ध्वनिमुद्रणाचा, हे समजून घेण्यासाठी यापेक्षा सोपे साधन मला तरी माहीत नाही.

हा फरक आज आपल्या लक्षात येत नाही, कारण गाणे आपल्यापर्यंत येते तेच मुळी ध्वनिमुद्रण म्हणून. एखाद्या गायिकेचे नवे गाणे म्हटले की चालीसोबत तिचा आवाज, त्यावर केलेली प्रक्रिया, कृत्रिम ढोलाचा विशिष्ट घणका आणि मागची कुजबुज हे सगळे एकदमच आठवते. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत परिस्थिती वेगळी होती. मॅनहॅटनच्या पश्चिम अठ्ठाविसाव्या रस्त्यावर, ज्याला ‘टिन पॅन अ‍ॅली’ असे टोपणनाव पडले होते, तेथील प्रकाशक गाण्यांच्या छापील स्वरलिपी विकत असत आणि लोक त्या घरी नेऊन पियानोवर वाजवत. एकच गाणे एकाच हंगामात अनेक वाद्यवृंद आपापल्या पद्धतीने ध्वनिमुद्रित करत, आणि त्यांपैकी ‘खरे’ कोणते, हा प्रश्न फारसा कोणाला पडत नसे. जॅझमध्ये आजही जी गाणी सर्वांना पाठ असतात, ज्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणतात, त्यांतील बरीचशी अशीच हातोहाती फिरून टिकलेली आहेत. ब्रॅडलीसारखे लोक नव्या गाण्याला याच जुन्या बाजारात उभे करतात आणि ते तेथे चालते का, हे पाहतात.

हे बदल घडतात कसे, हे पाहू. सर्वांत आधी कानाला जाणवते ती लय. आजच्या बहुतेक पॉप गाण्यांत प्रत्येक मात्रेचे दोन समान भाग पडतात आणि संगणक ते काटेकोरपणे पाळतो. १९३० च्या दशकात भरभराटीला आलेल्या ‘स्विंग’मध्ये मात्रेचे मनातल्या मनात तीन भाग होतात, पहिला स्वर त्यांतले दोन भाग व्यापतो आणि दुसरा उरलेला एक. आपल्या परिभाषेत ही तिश्र जातीची लय झाली. दादऱ्याचे ‘धा धी ना, धा ती ना’ हे बोल मध्यलयीत म्हणावेत आणि मधले ‘धी’ व ‘ती’ मनात ठेवून फक्त पहिल्या आणि तिसऱ्या बोलांवर टिचकी वाजवावी, म्हणजे स्विंगचा तो लांब-आखूड हेलकावा हाताला सापडतो. अर्थात हे गणित ढोबळ आहे. लय जलद झाली की वादक दोन्ही स्वर जवळजवळ सारखे करतात, आणि नेमके किती सारखे करायचे यातच प्रत्येकाची ओळख असते.

दुसरी गोष्ट वजनाची. चार मात्रांच्या आवर्तनात जॅझचा वादक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर झुकतो आणि ड्रमवादकाच्या पायाखालची झांजांची जोडी त्याच मात्रांवर मिटते. समेवर मान डोलावण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्या श्रोत्यांची टाळी अशा वेळी हमखास चुकीच्या जागी पडते. १९५० च्या दशकातील ‘डू-वॉप’ ढंग करायचा असेल तर मात्रेचे तिन्ही भाग पियानोवर ठणाठण वाजवले जातात आणि मागे तीन-चार पुरुष गायक निरर्थक अक्षरांची साथ धरतात. मायली सायरसच्या ‘वी कान्ट स्टॉप’ या गाण्याचे ब्रॅडलीने २०१३ मध्ये केलेले रूप याच धर्तीचे आहे.

यानंतरचा बदल कमी दिसतो, पण खरे कसब त्यातच आहे. पाश्चात्त्य गाण्यात चालीखाली कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांचे गुच्छ, बदलत असतात. आजच्या पुष्कळ पॉप गाण्यांत असे केवळ चार गुच्छ असतात आणि तेच चक्राकार फिरत राहतात. चालही अनेकदा दोन-चार स्वरांतच घुटमळते. ही गरिबी संयोजकाच्या, म्हणजे गाण्याची स्वरसंगती आणि वाद्यमेळ बांधणाऱ्याच्या, पथ्यावर पडते, कारण जो स्वर चालीत लांबवलेला आहे त्याच्याखाली काय ठेवावे याला बराच वाव मिळतो. समजा, गायिकेने षड्ज धरून ठेवला आहे. त्याखाली सा-ग-प हा गुच्छ बसतो, ध-सा-ग बसतो, म-ध-सा बसतो. मध्यम तीव्र घेऊन रे-म-ध-सा केले तर पुढे पंचमाकडे जाण्याची ओढ तयार होते. आणि म-ध-सा मधला धैवत कोमल केला की तोच षड्ज एकदम उदास वाटू लागतो. गायिकेने स्वर हलवलेला नसतो, तरी ऐकणाऱ्याला ती कोठून कोठे जाऊन आली असे वाटते. जुन्या जॅझमध्ये प्रत्येक गुच्छ पुढच्याला असा ओढत नेतो. चार गुच्छांच्या चक्राऐवजी अशी ओढाओढीची वाट आखणे हेच संयोजकाचे मुख्य काम असते, आणि ज्या कव्हरमध्ये ते झालेले नसते, ज्यात फक्त ठेका बदलून वर सनई-चौघड्यासारखे ट्रम्पेट चढवलेले असते, ते दुसऱ्यांदा ऐकवत नाही.

काळ कोणता, हे मात्र श्रोता बहुधा वाद्यांवरूनच ओळखतो. रॅगटाइमची, म्हणजे जॅझच्याही आधीच्या पियानोशैलीची, हवा हवी असेल तर एकटा पियानो पुरतो. स्कॉट जॉप्लिनचा ‘मेपल लीफ रॅग’ १८९९ मध्ये छापला गेला आणि त्यातील डाव्या हाताची कवायत व उजव्या हाताची आडलय आजही त्या काळाची खूण मानली जाते. तीच कवायत पुढे जेम्स पी. जॉन्सन आणि फॅट्स वॉलर यांनी विस्तारली. डावा हात पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर खोल खर्जाचा स्वर घेतो आणि लगेच सप्तकभर उडी मारून दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर गुच्छ वाजवतो, म्हणून या शैलीला ‘स्ट्राइड’, म्हणजे लांब ढांगांची शैली, म्हणतात. १९२० च्या दशकासाठी बँजो, क्लॅरिनेट आणि मुखाशी झाकण धरलेला ट्रम्पेट लागतो. १९४० कडे जाताना सॅक्सोफोनांची फळी येते. १९६० च्या दशकातील, डेट्रॉइटच्या मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीचा ढंग हवा असेल तर खंजिरी आणि विजेवरचा बेस गिटार येतो.

यातील एक उदाहरण जवळून पाहू. रेडिओहेड या इंग्रज बँडचे ‘क्रीप’ हे १९९२ चे गाणे. ते चार गुच्छांवर उभे आहे आणि ते चार गुच्छ शेवटपर्यंत बदलत नाहीत. मूळ ध्वनिमुद्रणात ध्रुवपदाच्या तोंडाशी गिटारचे दोन-तीन कर्कश धडाके येतात आणि बहुतेकांच्या आठवणीत गाणे म्हणजे ते धडाकेच असतात. ते बाजूला ठेवून फक्त गुच्छांकडे पाहिले तर वेगळेच काही दिसते. गाण्याचा आधारस्वर षड्ज धरला तर पहिल्या गुच्छात पंचम आहे, दुसऱ्यात त्याच्या जागी कोमल धैवत येतो, तिसऱ्यात शुद्ध धैवत आणि चौथ्यात पुन्हा कोमल धैवत. मग चक्र पंचमावर परत येते. म्हणजे गाण्याच्या पोटात एक स्वर अर्ध्या-अर्ध्या पायरीने वर चढतो आणि तसाच खाली उतरतो. आतल्या आत सरकणारी अशी ओळ हा टिन पॅन अ‍ॅलीच्या गीतकारांचा हातखंडा होता. नव्वदच्या दशकातील निराश तरुणाचे म्हणून ओळखले जाणारे हे गाणे सांगाड्याने बरेच जुने आहे. त्याची स्वरसंगती आणि चाल ‘द एअर दॅट आय ब्रीद’ या सत्तरच्या दशकातील गाण्याशी इतकी जुळते की त्या गाण्याचे कर्ते अल्बर्ट हॅमंड आणि माइक हेझलवूड यांची नावे ‘क्रीप’च्या श्रेयात सामील करावी लागली.

ब्रॅडलीने २०१५ मध्ये हे गाणे हेली राइनहार्ट या गायिकेकडून गाऊन घेतले. सुरुवात जवळजवळ पुटपुटण्याइतकी हळू आहे. साथ इतकी विरळ आहे की गुच्छांतील तो सरकणारा स्वर उघडा पडतो, आणि गिटारच्या धडाक्यांनी जे काम केले होते ते येथे गायिकेच्या खरखरत्या, तारसप्तकाकडे झेपावणाऱ्या आवाजाला करावे लागते. मूळ गाण्यात बोलणारा माणूस स्वतःचा तिरस्कार करतो. राइनहार्टच्या तोंडी त्याच ओळी कोणाची तरी वाट पाहून थकलेल्या बाईच्या वाटतात. शब्द तेच, पण बोलणारी व्यक्ती बदलली आहे. व्हिंटेज कव्हरचा कस मी यावरच लावतो.

याच कसोटीला उतरणारे दुसरे उदाहरण ‘रॉयल्स’चे. न्यूझीलंडच्या लॉर्डचे हे गाणे २०१३ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले तेव्हा ती १६ वर्षांची होती, आणि श्रीमंतीच्या थाटामाटावर एका शाळकरी मुलीने केलेली ती टिंगल होती. ब्रॅडलीने ते ‘पडल्स’ या नावाने वावरणाऱ्या, चेहऱ्याला पांढरा रंग फासलेल्या आणि साडेसहा फुटांहून उंच अशा विदूषकाला दिले. त्याच्या भारदस्त आवाजात तेच शब्द आले की, आपल्याला राजवैभव कधीच मिळणार नाही हे कळून चुकलेला एक प्रौढ माणूस समोर उभा राहतो. याउलट २०१४ मधील ‘ऑल अबाउट दॅट बेस’चे रूप निव्वळ विनोदाचे आहे. मूळ गाण्यात ‘बेस’ म्हणजे शरीराचा भरदारपणा, पण येथे केट डेव्हिस स्वतः डबल बेस हे भलेमोठे तंतुवाद्य वाजवत गाते, त्यामुळे शरीराविषयीचे गाणे अक्षरशः वाद्याविषयीचे होते. मेगन ट्रेनरचे मूळ गाणेच पन्नासच्या दशकातील ढंगाची नक्कल करणारे असल्याने येथे आणखी मागे जाण्याला फारसा अर्थ उरत नाही. मजा आहे ती डेव्हिसच्या बोटांची.

फसलेली कव्हर ओळखणेही अवघड नाही. ज्या गाण्याचा जीवच आवाजाच्या पोतात असतो, ज्यात चाल नाममात्र आणि सारा परिणाम यंत्रांनी घडवलेल्या थरांचा असतो, ते गाणे पियानोवर आणले की आत काही नसल्याचे उघड होते, आणि मग टोपी, मोत्यांच्या माळा आणि पिसांचे पंखे यांवर वेळ मारून न्यावी लागते. हा मूळ गाण्याचा दोष मानण्याचे कारण नाही. चित्रपटाची पटकथा वाचून छायालेखकाचे काम कळत नाही, तसेच हे.

हा सगळा भूतकाळ रचलेला आहे, हेही विसरून चालणार नाही. एकाच चित्रफितीत वीसच्या दशकातील बँजो, चाळीसच्या दशकातील गायकी आणि साठच्या दशकातील पोशाख सुखाने नांदतात. त्याहून गंभीर बाब अशी की, ज्या काळाची ही गोड आठवण काढली जाते तो काळ वर्णभेदाचा होता. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील प्रसिद्ध कॉटन क्लबमध्ये कृष्णवर्णीय कलाकार मंचावर असत आणि समोर बसण्याची मुभा गोऱ्यांनाच होती. पन्नासच्या दशकात तर कव्हर हेच हत्यार झाले. फॅट्स डॉमिनोचे ‘एन्ट दॅट अ शेम’ १९५५ मध्ये पॅट बून या गोऱ्या गायकाने गायले आणि ते लोकप्रियतेच्या यादीत डॉमिनोच्या पुढे गेले. ब्रॅडलीच्या मंचावर सर्व वर्णांचे कलाकार बरोबरीने दिसतात, आणि ते योग्यच आहे. परंतु मूळ काळात असा मंच दुर्मीळ होता, हे ठाऊक असलेले बरे.

मराठी कानाला हा नाद वाटतो तितका परका नाही. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय जॅझ वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवण्यासाठी आला, आणि त्यानंतरच्या वर्षांत गोव्याहून आलेल्या वादकांनी ही विद्या आत्मसात करून चित्रपटसंगीतात नेली. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’त, म्हणजे १९५१ मध्ये, ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकलेट हे मूळचे अँटोनियो झेवियर वाझ. ‘शोला जो भडके’ किंवा पुढे १९५७ चे ‘ईना मीना डीका’ ज्यांनी ऐकले आहे, त्यांना पोस्टमॉडर्न ज्यूकबॉक्समधील पितळी वाद्यांची फेक ओळखीचीच वाटेल. कोकणी गाण्यांत ख्रिस पेरी आणि लॉर्ना यांनी हाच रंग आणला. तेव्हा हे संगीत नवेच होते, आणि त्यात भूतकाळाची हौस नव्हती.

ब्रॅडली या वाटेवरचा पहिला नव्हे. फ्रान्सच्या ‘नूव्हेल व्हाग’ या समूहाने २००४ मध्ये पंक काळातील गाणी ब्राझीलच्या बोसा नोव्हा ढंगात आणली. पॉल अँका या जुन्या गायकाने २००५ मध्ये रॉक गाण्यांचा स्विंग अल्बम केला. लंडनच्या ‘पपिनी सिस्टर्स’नी तिघींच्या घट्ट स्वरमेळात डिस्को गायले. मला यांत सर्वांत कल्पक वाटतो तो २०१३ चा ‘बायोशॉक इन्फिनिट’ हा व्हिडिओ गेम, ज्याच्या संगीतात ब्रॅडलीचाही हात होता. गोष्ट १९१२ ची, पण रस्त्यावर १९८० च्या दशकातील गाणी जुन्या ढंगात ऐकू येतात, आणि खेळणाऱ्याला हळूहळू कळते की काळाला पडलेल्या भेगांतून कोणी तरी भविष्यातील चाली चोरत आहे. २०१६ च्या ‘वेस्टवर्ल्ड’ मालिकेतील आपोआप वाजणारा पियानो आणि २०२० च्या ‘ब्रिजर्टन’मधील तंतुवाद्यांची चौकडी यांनी हीच युक्ती दूरचित्रवाणीवर रुजवली.

हे सर्व कायद्यात बसते कसे, असा प्रश्न साहजिक आहे, आणि गंमत म्हणजे त्याचे उत्तर अशाच यांत्रिक पियानोपाशी जाते. भोके पाडलेल्या कागदी गुंडाळ्यांवर चालणारे हे पियानो विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत घरोघरी होते. त्यांच्यासाठीच्या गाण्यांवर एखाद्या कंपनीची मक्तेदारी होऊ नये म्हणून १९०९ च्या कायद्यात अशी तरतूद झाली की, गाणे एकदा यांत्रिक रूपात बाजारात आले की दुसरा कोणीही दर प्रतीमागे दोन सेंट देऊन ते पुन्हा मुद्रित करू शकतो, आणि गीतकार त्याला अडवू शकत नाही. दर बदलले तरी तत्त्व अमेरिकेत टिकून आहे. कव्हर करणारा आपल्या शैलीपुरते संयोजन बदलू शकतो, मूळ चाल मोडू शकत नाही. मूळ ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो. त्याला तो हातच लावत नाही, कारण सगळे तो नव्याने वाजवतो. चित्रफितीला मात्र ही सक्तीची परवानगी लागू होत नाही, त्यासाठी गीताच्या प्रकाशकाची संमती लागते. भारतात स्वामित्वहक्क कायद्याचे २०१२ च्या दुरुस्तीनंतरचे कलम ३१सी अधिक कडक आहे. मूळ मुद्रणाचे वर्ष संपल्यापासून पाच वर्षे थांबावे लागते, वर्षाला किमान ५०,००० प्रतींचे मानधन आगाऊ द्यावे लागते, आणि तांत्रिक गरजेपलीकडे शब्द-चालीत फेरफार करता येत नाही. कोणा मराठी संयोजकाला यंदाचे गाजलेले गाणे जुन्या भावगीताच्या वाद्यमेळात बसवावेसे वाटले तर त्याने हक्कधारकाची सरळ परवानगी घेणेच सोयीचे.

ऐकायला सुरुवात करताना मूळ गाणे आधी आणि कव्हर नंतर हा क्रम ठेवावा, आणि तिसरी पायरी म्हणून त्या काळातील अस्सल तबकडी लावावी. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ मध्ये सुरू केलेल्या ‘नॅशनल ज्यूकबॉक्स’वर हजारो जुनी मुद्रणे ऐकता येतात. अमेरिकेत १९२३ च्या आधीची मुद्रणे २०२२ पासून स्वामित्वहक्कातून मुक्त झाली, आणि त्यानंतरची, शंभर वर्षे पुरी होतील तशी, एकेका वर्षाने मुक्त होत आहेत. किंग ऑलिव्हरच्या क्रिओल जॅझ बँडची १९२३ ची मुद्रणे लावली तर कव्हरमधील ‘वीसचे दशक’ किती वेगळे आहे हे पहिल्या दहा सेकंदांत कळते. तेव्हा मुद्रणासाठी मायक्रोफोन वापरत नसत. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर गर्दी करून वाजवत, मोठ्या ढोलाच्या धक्क्याने सुई उडत असल्याने ड्रमवादकाच्या हाती लाकडी ठोकळे दिले जात, आणि तरुण लुई आर्मस्ट्राँगचा आवाज इतरांना झाकून टाकत असल्याने त्याला मागे लांब उभे केले जाई. १९२५ मध्ये विजेवरचे मुद्रण आल्यावर कुजबुजल्यासारखे गाणारे गायक शक्य झाले. त्यामुळे एखाद्या कव्हरला १९२० च्या दशकाच्या आरंभीचे म्हटले असेल, आणि त्यात बेसचा खर्ज स्वच्छ ऐकू येत असेल व गायिका कानाशी बोलल्यासारखी गात असेल, तर कपडे त्या दशकातील असले तरी कान त्यानंतरच्या काळाचे आहेत असे खुशाल समजावे.